नाल्यातला मुद्देमाल

बाकीच्या गुन्ह्यांसाठी मला आठवणीला ताण द्यावा लागतो. या एका गुन्ह्यासाठी लागत नाही. तो लिहू नका, असं दोघा-तिघा हितचिंतकांनी सांगितलं आहे. निवृत्तीनंतर माणसाने शांत राहावं, नातवंडं खेळवावीत, असं त्यांचं म्हणणं. मी शांतच आहे. पण जे घडलं त्यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही, म्हणून लिहितो. नाव मात्र कोणाचंच लिहीत नाही. ज्याचं त्याला कळेल.

यवतमाळ जिल्ह्यात महामार्गावरच्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा ठाणेदार होतो. गाव झपाट्याने वाढत होतं. महामार्ग चौपदरी झाला आणि ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. जिनिंग, गाड्यांची शोरूम, कॉलेज, खाजगी दवाखाने, सगळं पाठोपाठ आलं. झरी जामणीच्या जंगलपट्ट्यातली आणि आसपासच्या तांड्यांवरची माणसं पोरांच्या शाळेसाठी गावात घर शोधू लागली. जुन्या गावात जागा उरली नव्हती, म्हणून नाल्यापलीकडे लेआउट पडलं. प्लॉट उन्हाळ्यात विकले गेले. उन्हाळ्यात नाला म्हणजे नुसती वाळूची वाट. घेणाऱ्याला वाटलं, गाव हाताच्या अंतरावर आहे. पावसाळा लागला की तेच गाव दुसऱ्या मुलखात जायचं.

नव्या गावात पोलिसाला काय दिसतं ते सांगतो. लोकांना वाटतं, गाव वाढलं की चोऱ्या-दरोडे वाढतात. आधी वाढतात ती भांडणं. नालीचं पाणी माझ्या दारात का सोडलं, नळाला मोटर का लावली, तुझ्या घराच्या ओट्याने रस्ता का अडवला. सकाळी ठाण्यात येऊन बसलं की फिर्यादी समोर उभे. डोकी फुटलेली, पण मूळ कारण नालीचं. नाली नगरपंचायतीने बांधायची आणि ती न बांधल्याचा गुन्हा आम्ही नोंदवायचा, अशी ती वाटणी होती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नाल्यापलीकडचे लोक नगरपंचायतीवर आले. मी बंदोबस्ताला होतो. पुढे दोन माणसं होती. एक अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या बाई. घर बौद्ध, आवाज बारीक, पण वाक्य कधी अर्धं सोडायच्या नाहीत. दुसरे एका बंजारा तांड्याचे नायक. शेती तांड्यावर, नातवंडं शाळेला म्हणून बिऱ्हाड आणि बैलजोडी लेआउटमध्ये. मागणी एकच होती. नाल्यावर रपटा, म्हणजे पाईप टाकून वरून माणूस-गाडी जाईल एवढा साधा बांध.

नगरपंचायतीने त्या वर्षीचा निधी दुसऱ्या कामाला घातला होता. महामार्गाच्या वळणावर मोठी स्वागत कमान, तिच्या पायथ्याशी हिरवळ आणि दिव्यांचं कारंजं.

"अध्यक्ष साहेब, पाऊस तोंडावर आला," बाई म्हणाल्या. "रपटा कधी होते?"

नगराध्यक्ष वयाने तरुण, बोलायला गोड. "होईल बाई, सगळं होईल. पन कामाले काही क्रम असते का नाई? आधी गावाची वळख झाली पायजे. महामार्गावरून जानाऱ्याले दिसलं पायजे का अठी विकास आहे म्हनून."

"जानारा निंगून जाते, साहेब. राह्यतो आमी."

मागून नायक बोलले, "कमानीखालून बैल नेऊ का मंग पोळ्याले? तोरन बांधाचा खर्च तरी वाचन गावाचा."

लोक हसले. अध्यक्षांचा चेहरा उतरला. "नायक, तुमी राजकारन करून राह्यले."

"नाई बाप्पा. चिखल तुडवून राह्यलो."

मग बाईंनी जे सांगितलं त्यावर कोणी हसलं नाही. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा नाला दोन्ही थड्या धरून होता. तिला बाजेवर घालून माणसं काठावर उभी राहिली. पाणी उतरेपर्यंत उभीच राहिली. दवाखान्यात पोचले तेव्हा उशीर झाला होता. सून वाचली, मूल गेलं.

"सून पुन्हा दिवसाची आहे," बाई म्हणाल्या. "भादव्यात बाळंत होईल. एवढंच सांगाले आलतो."

अध्यक्ष म्हणाले, तोपर्यंत व्यवस्था करू. व्यवस्था झाली नाही. कमान मात्र उभी राहिली. हिरवळीतलं आणि कारंज्यातलं पाणी वाहून न्यायला सिमेंटचे मोठे पाईप आले आणि कमानीजवळ रचून ठेवले गेले.

श्रावणात नगरपंचायतीच्या अभियंत्यांनी ठाण्यात येऊन फिर्याद दिली. पाईप चोरीला गेले.

सिमेंटचा पाईप ही काही खिशात घालून नेण्याची वस्तू नाही. माणूस वाकून आत शिरेल एवढा तो मोठा. गुन्हा नोंदवला आणि माझ्या जमादाराला घेऊन घटनास्थळी गेलो. जमादार या भागातला जुना माणूस, निम्म्या तालुक्याला नावाने ओळखणारा. ओल्या मातीवर एक रुंद, सपाट पट्टा कच्च्या वाटेने गेलेला दिसत होता. आम्हाला वाटलं, रस्त्याच्या कामाचा रोलर फिरला असेल. पुढे पावसाने तोही पुसला होता. पहारेकऱ्याचा जबाब घेतला.

"मी जेवाले गेलतो साहेब."

"एवढे पाईप गेले तोवर तू जेवतच होता?" जमादाराने विचारलं. "लय मोठं जेवन होतं बावा तुयं."

पहारेकरी खाली पाहत राहिला. मी ते ध्यानात ठेवलं. जो माणूस खोटं बोलताना घाबरतो तो बहुधा दुसऱ्या कोणासाठी बोलत असतो, हा माझा अनुभव आहे.

त्याच आठवड्यात खबऱ्याचा फोन आला. तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक हायड्रा क्रेन आणि मागे पाईप लादलेला ट्रक दिसला होता. खबर पक्की वाटली. हद्दीवर माणसं पाठवली. क्रेनवाला सापडला, त्याला आणून बसवलं, खोदून खोदून विचारलं. त्याने विजेचे खांब उतरवले होते आणि त्याचा ठेकेदार तसं सांगायला हजर झाला. ट्रकमधले पाईप निघाले प्लास्टिकचे. क्रेनवाल्याला चहा पाजून सोडून दिलं. पुढे लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत चौकशी झाली, बांधकामं पाहिली. पाईप नव्हते.

तोवर अध्यक्षांचे फोन सुरू झाले होते. कमानीचं उद्घाटन ठरलं होतं. मोठे पाहुणे येणार होते.

पोळा आला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पोळ्याचा बंदोबस्त नाजूक समजला जातो. सजवलेल्या जोड्या तोरणाखाली जमतात, आणि तोरण तुटेपर्यंत दोन्ही बाजूंनी झडत्या म्हटल्या जातात. झडती म्हणजे चार ओळींचा टोमणा. एकाने म्हणायचा, दुसऱ्याने उलटवायचा, आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. त्या दिवशी पाटलाला, सरपंचाला, ठाणेदारालासुद्धा काहीही म्हणता येतं. ऐकणाऱ्याने हसायचं असतं. जो चिडतो तो हरतो. कधी कधी कोणी चिडतो, म्हणून आम्ही काठ्या घेऊन उभे असतो.

मांडवात अध्यक्ष बसले होते, शेजारी मी. उत्तम जोडीला त्यांच्या हस्ते बक्षीस होतं. जुन्या गावाच्या एकाने लेआउटच्या बैलवाल्यांना डिवचलं.

"नाल्यापल्याडचे पाव्हने आले, अंगाले लागला गारा,
आमच्या गावची कमान पाहा, डोये भरून जरा!"

गारा म्हणजे आमच्याकडे चिखल. गजर झाला. सगळ्यांचे डोळे नायकांकडे. नायक आपल्या जोडीपुढे आले. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. फेटा सारखा केला आणि आवाज लावला.

"मागच्या साली जोडी आली, पोटालोक गारा,
औंदा आली कोरड्या खुरानं, पाहून घ्या जरा!
पाईप म्हने हारपले, हुडकून थकले शिपाई,
बैलायले जाऊन इचारा, थे खोटं बोलत नाई!"

मैदान उसळलं. महादेवाचा गजर झाला तो पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेला असेल. अध्यक्षही हसले, टाळी वाजवली. मग टाळी वाजवता वाजवता त्यांचे हात थांबले.

"साहेब, हे काय बोलून राह्यलं?"

मी बैलांच्या पायांकडे पाहत होतो. लेआउटच्या जोड्यांचे खूर खरोखरच कोरडे होते. दर वर्षी त्या जोड्या नाल्यातून यायच्या आणि अलीकडे आल्यावर त्यांना पुन्हा धुवावं लागायचं, हे सारं गाव जाणून होतं. आदल्या आठवड्यात नाल्याला पाणी होतं. कोरडे खूर घेऊन हे बैल आले कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादाराला घेऊन नाल्यावर गेलो. आमच्या गस्तीची गाडी शाळेच्या वळणावरून परत फिरायची, कारण पुढे वाटच नव्हती. नगरपंचायतीचा माणूस तर तिकडे फिरकतच नसे. त्या वळणाच्या पुढे आम्ही पायी गेलो आणि थांबलो.

पाईप नाल्यात होते. एकाला एक लागून, सरळ रेषेत बसवलेले. फटीत दगड ठासलेले, वर मुरूम पसरून दाबलेला, दोन्ही कडांना माती भरलेल्या पोत्यांचा धर. खालून पाणी खळखळत चाललं होतं आणि वरून शाळेचा गणवेश घातलेली पोरं दप्तरं हलवत येत होती.

जमादार म्हणाला, "साहेब, आपन तेलंगना पालथा घातला. अन् माल आपल्याच बीटात, उघड्यावर!"

नायकांना नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. ते आले, पण एकटे नाही. सगळं लेआउट मागे. आवारात जागा पुरेना. जो तो जमादाराला म्हणत होता, "माह्यं नाव लिवा. पयला पाईप म्या ढकलला." दुसरा त्याला बाजूला सारून, "अबे तू तं त्या रोजी लग्नाले गेलता. साहेब, माह्यं लिवा." नोकरीत मी पुष्कळ आरोपी नाकबूल होताना पाहिले. कबुलीसाठी रांग लागलेली तेवढी एकदाच पाहिली.

नायकांना आत घेतलं.

"पाईप कोणी नेले?"

"बैलायनं."

"कोणाच्या बैलांनी?"

"साऱ्यायच्या. एका जोडीचं काम आहे का थे?"

"कसे?"

आता त्यांचा चेहरा खुलला. खुर्चीतून पुढे सरकून हाताने दाखवू लागले. पाईपातून आरपार जाड बल्ली, म्हणजे लाकडी वासा, घालायची, दोन्ही टोकांना दोर, दोर जुवाला. बैल चालले की पाईप गडगडत मागे येतो. आम्हाला रोलरचा वाटलेला पट्टा तो हा होता. "आमचे बापदादे बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरले, साहेब. पाईप तं सोता चाक होय. चाकाले कायले ओझं म्हनाचं?"

"रात्री नेले?"

नायक दुखावले. "रातच्याले कायले? चोर आहो का आमी? भर दुपारी नेले. लोकं रस्त्यानं थांबून पाहे. इचारलं तं सांगतलं, नगरपंचायतीचं काम आहे."

"पहारेकरी कुठे होता?"

"त्यानं पानी पाजलं आमाले." मग आवाज खाली आणून, "त्याचं नाव नोका लिहू. लेकराबाळाचा मानूस आहे."

"इतकं सगळं जमवलं, मग पोळ्यात सगळ्या गावापुढे कशाला सांगितलं? गप्प बसला असतात तर मी अजून तेलंगणातच हिंडत असतो."

नायक माझ्याकडे असे पाहू लागले, जणू शहाण्या माणसाने वेड्यासारखं विचारलं. "कोरड्या खुरानं बैल आनले, साहेब. समोरच्यानं टोमना मारला. अन् म्या बिना झडतीचं घरी जाऊ? थ्यापरीस जेलात गेलेलं बरं."

बाईंचा जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, असा नियम आहे आणि तो मी पाळत आलो. जाताना जीप त्या रपट्यावरून न्यावी लागली. दुसरी वाटच नव्हती. चोरीच्या मालावरून तपासाला जाणारा ठाणेदार मी पहिलाच असेन.

बाईंनी चहा दिला. सून दारात बसून वाती वळत होती. पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले.

"लिहा साहेब. न्या म्हनून म्याच सांगतलं. नायक नाई म्हने, म्याच पाठी लागली."

"बाई, तुमच्यावर गुन्हा येईल."

"येऊ द्या. मी काई पयून नाई जात. एकच सांगतो. भादवा निंगू द्या. सून दवाखान्यातून बाळ घेऊन घरी आली का मी सोता माणसं लावून पाईप काढून देतो, जठी होते तठी नेऊन ठेवतो. मंग मले न्या."

सुनेने वर पाहिलं नाही. तिचे हात तेवढे थांबले.

ठाण्यात परतलो तर वरिष्ठांचा फोन. "तपास लागला म्हणे. छान. पाईप काढून आणा, दोघा-तिघांना अटक दाखवा, प्रकरण संपवा. उद्घाटनाच्या आत."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कपाटातून नव्या न्याय संहितेचं पुस्तक काढलं आणि चोरीची व्याख्या पुन्हा वाचली. आमच्या घराण्यात कायद्याचं पुस्तक वाचू शकलेला मी पहिला माणूस. आईवडील अंगठा उठवायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी मला पुढे ढकललं, सरकारी वसतिगृहाने जेवू घातलं, शिष्यवृत्तीने पदवी दिली. हे उपकार मी कधी विसरलो नाही. ते फेडायचे कुठे, हा प्रश्न मात्र पडायचा. त्या दिवशी तो पडला नाही.

दुसऱ्याची वस्तू त्याच्या ताब्यातून अप्रामाणिकपणे काढून नेली तर ती चोरी. इथे पाईप नगरपंचायतीचे, आणि ठेवले नगरपंचायतीच्याच नाल्यात. कोणी विकले नाहीत, घरात लपवले नाहीत. अप्रामाणिकपणा मला सापडत नव्हता. पण फिर्याद होती, गुन्हा नोंदलेला होता आणि माल सापडला होता. माल सापडला की जप्त करावा लागतो. ते मी केलं.

अभियंता आणि पंच घेऊन नाल्यावर गेलो. जप्तीचं चित्रीकरण आता करावंच लागतं. जमादाराने मोबाईल धरला. पंचनाम्यात लिहिलं की पाईप अवजड असून ठाण्याच्या मालखान्यात मावत नाहीत. आमच्या मालखान्यात सुरे, गावठी दारूचे कॅन आणि दोन मोडक्या मोटारसायकली मावत नव्हत्या, हे तर कोणीही येऊन पाहावं. म्हणून मुद्देमाल जागेवरच जप्त करून मूळ मालकाच्या, म्हणजे नगरपंचायतीच्या ताब्यात सुपुर्दनाम्यावर दिला. अट घातली की न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत तो आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत ठेवावा. अभियंत्याने सही केली. करताना माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. चांगला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष जेसीबी घेऊन नाल्यावर आले. निरोप मिळताच मी गेलो आणि रपट्याच्या तोंडाशी उभा राहिलो. पलीकडच्या काठावर लेआउट जमलं होतं.

"ठाणेदार साहेब, बाजूले व्हा. आमचे पाईप आमी काढून राह्यलो."

"तुमचेच आहेत. पण आता ते गुन्ह्यातला मुद्देमाल आहेत. हुकमाशिवाय हलवले तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा होतो. तो मला तुमच्यावर नोंदवावा लागेल."

"उद्घाटन तोंडावर आहे! कारंज्याचं पानी कुठी जाईन?"

"ते तुम्ही बघा. या नाल्याचं पाणी कुठून जातं ते मी बघतो आहे."

"मी कोनाले फोन लावू शकतो, माईत आहे ना?"

"माहीत आहे. इथे रेंज कमी आहे. ठाण्यात चला, तिथून लावून देतो."

पलीकडून कोणीतरी शिटी मारली. मी हात वर करून लोकांना गप्प केलं. जेसीबीच्या चालकाने आधी माझ्याकडे, मग अध्यक्षांकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

अध्यक्ष मला बाजूला घेऊन गेले. आता आवाजात राग नव्हता. "साहेब, मी नागपूर-पुण्याले गेलो का लोकं इचारतात, कोनता जिल्हा? यवतमाळ म्हटलं का तोंड पाडतात, 'अरेरे' म्हनतात. मले वाटते, एकदा कोनी आपलं गाव पाहून 'वा' म्हनावं. थ्यासाठी कमान होय. माह्यं काय चुकलं?"

त्यांचं म्हणणं मला समजलं. ते 'अरेरे' मीही पुष्कळ ऐकलं आहे. मी म्हणालो, "वा म्हणणारा क्षणभर म्हणेल आणि पुढच्या टोलनाक्याला विसरेल. त्या बाईंची सून इथेच राहणार आहे."

ते गाडीत बसले. जेसीबी परत गेला.

भादव्यात पाऊस लागला. नाला फुगला, पण पाईप हलले नाहीत. एका सकाळी पाणी रपट्याच्या कडेला लागलं असतानाच रुग्णवाहिका पलीकडे गेली. बातमी कळून मी पोचलो तोवर ती परत येत होती. नायक आणि त्यांची माणसं दोन्ही कडांना हात धरून उभी होती, चालकाला वाट दिसावी म्हणून. गाडी माझ्यापुढून गेली तेव्हा काचेतून बाई दिसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचं लक्ष सुनेकडे होतं.

मुलगी झाली.

काही दिवसांनी बाई ठाण्यात आल्या. हातात पिशवी, आत लुगडं, टॉवेल, औषधाची डबी. "सून घरी आली. माणसं सांगून ठेवली आहे. पाईप काढतो, अन् मी ही तयारीनं आली."

"बाई, मुद्देमाल हलवता येत नाही," मी म्हणालो. "तुम्हालासुद्धा."

त्या पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. जमादार पाणी आणायला म्हणून बाहेर गेला तो आलाच नाही.

गुन्हा घडलेला नाही, असा अंतिम अहवाल मी न्यायालयात पाठवला. वरिष्ठांनी खुलासा मागवला: मुद्देमालाच्या सुरक्षिततेसाठी आपण काय केले? मी लिहिलं, मुद्देमाल सुस्थितीत असून त्यावरून रोज माणसे ये-जा करतात. त्यानंतर माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. तिथूनच मी निवृत्त झालो. निरोपसमारंभ छोटा होता. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा तसाच पंचनामा लिहीन.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? गाव वाढतं तेव्हा आधी काय करायचं, यावर मोठे अहवाल निघतात, बैठका होतात. मला एवढं कळतं की साहेबाची जीप ज्या वळणावरून परत फिरते, त्या वळणापासून कामाला लागावं. कमान नंतर बांधता येते. आणि लोक कायदा हातात घेतात असं आपण म्हणतो तेव्हा आधी पाहावं, की त्यांच्या हातात दुसरं काही ठेवलं होतं का. पोलिसाला हे लिहायचा अधिकार नाही, असं कोणी म्हणेल. आता मी पोलीस नाही. वॉर्डसभेला जातो, मागच्या रांगेत बसतो आणि माझी पाळी आली की उभा राहून बोलतो. बसा म्हणतात. मी बसत नाही.

निवृत्तीनंतर एकदा नायकांचा फोन आला. आवाजात संताप. नगरपंचायतीने रपट्यावर पाटी लावली होती: सदर रपट्याचे काम नगरपंचायतीने पूर्ण केले. खाली अध्यक्षांचं नाव, मोठ्या अक्षरात.

"तोडून टाकू का साहेब? बैल आमचे, मेहनत आमची, अन् नाव त्यायचं!"

मला इतकं हसू आलं की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ज्या पाईपांच्या चोरीची फिर्याद दिली, ते आपणच बसवले, असं त्यांनी रंगवून, सगळ्यांना दिसेल असं लिहून दिलं होतं.

"नायक, पाटीला हात लावू नका. रपटा त्यांनी बांधला ना? मग दुरुस्ती त्यांनीच करायची. आणि त्याच्यापुढचा रस्ता?"

नायकांनी फोन तोंडापासून दूर धरून कोणाला तरी मोठ्याने हाक मारली. "बाई! ओ बाई! तयारी करा, उद्या नगरपंचायतीत जाचं आहे. रस्ता मांगाले!"